हायलुरोनिक ॲसिडचे सीरम लावूनही त्वचा ताणल्यासारखी का वाटते?

वैनगंगा

नमस्कार. मी नागपूरला राहते आणि माझे काम दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसून करण्याचे आहे. चेहरा कोरडा पडतो म्हणून हिवाळा संपताना मी हायलुरोनिक ॲसिडचे सीरम घेतले आणि तेव्हापासून ते नियमाने लावत आहे. सकाळी फेसवॉशने चेहरा धुते, टॉवेलने नीट कोरडा करते आणि मग तीन-चार थेंब सगळीकडे पसरते. लावल्या लावल्या चेहरा तुकतुकीत दिसतो, यात शंका नाही. परंतु कार्यालयात पोहोचून तासभर होत नाही तोच गाल आणि ओठांच्या कडा ओढून धरल्यासारख्या वाटू लागतात आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पापुद्रे दिसतात. नवल असे की सुटीच्या दिवशी घरी कूलरसमोर बसलेली असताना, तेच सीरम लावलेले असूनही, गालांना हा ताण जाणवत नाही.

हा घटक आपल्या वजनाच्या 1000 पट पाणी धरून ठेवतो असे जाहिरातींत सांगतात. तसे असेल तर ते पाणी येते कोठून? माझ्या त्वचेतूनच ते खेचले जात असेल तर लावण्यात काय अर्थ आहे? शिवाय बाटलीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत ‘2 टक्के’ लिहिलेले आहे, मागच्या यादीत मात्र हा घटक बराच खाली आहे. आईला तर ‘ॲसिड’ हा शब्दच मंजूर नाही. तिच्या मते औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन यापेक्षा बरे. उत्पादनाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला दुसऱ्या कंपनीचे नाव सुचवून नको आहे; हा घटक नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, एवढे समजून घ्यायचे आहे.

काचपात्र

मी सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत क्रीम आणि सीरम तयार करण्याचे काम करतो, त्यामुळे हा पदार्थ रोज हाताळण्यात असतो. तुमच्या कोड्याची किल्ली कूलरमध्ये आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते. कूलर ही कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढून खोलीत सोडतो, म्हणजे हवा थंड करताना तिच्यात पाण्याची वाफ मिसळतो. एसी याच्या नेमके उलट करतो. हवेतली वाफ थंड नळ्यांवर निवून तिचे पाणी होते आणि ते मागच्या नळीतून बाहेर ठिबकते. तुमचे सीरम दोन्हीकडे एकच असते, पण एका ठिकाणी त्याला आसपास पाणी मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी मिळत नाही.

आता त्या पदार्थाविषयी. हायलुरोनिक ॲसिड ही दोन प्रकारच्या शर्करांची, आलटून पालटून जोडलेली, हजारो कड्यांची लांब साखळी आहे. ती मुळात आपल्या शरीरातच असते. साधारण 70 किलो वजनाच्या माणसात ती सुमारे 15 ग्रॅम असते, त्यातली निम्मी त्वचेत, आणि एकूण साठ्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश भाग रोज मोडून नवा तयार होत असतो. कोलंबिया विद्यापीठातील कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून ती प्रथम वेगळी केली. सीरममध्ये बहुधा तिचे सोडियमचे मीठ, म्हणजे सोडियम हायलुरोनेट, वापरतात. लिंबाच्या रसासारखा आंबटपणा किंवा सॅलिसिलिक ॲसिडसारखा त्वचा सोलण्याचा गुण त्यात नाही, असे आईंना नि:शंकपणे सांगावे.

‘1000 पट पाणी’ या वाक्यात तथ्य आहे, पण ते जाहिरातीच्या सोयीने वाकवलेले आहे. पाण्यात पडल्यावर ही साखळी सब्जाच्या बीसारखी फुलते आणि आपल्या कोरड्या आकारमानाच्या सुमारे 1000 पट जागा व्यापते. परंतु त्या जागेतले बहुतेक पाणी साखळीला घट्ट चिकटलेले नसते. ते नुसते तिच्या गुंत्यात अडकलेले असते आणि कोरड्या हवेत उडून जाऊ शकते. शिवाय हे सगळे घडते ते भरपूर पाण्यात. सीरमच्या बाटलीत ती साखळी आधीच फुगलेली असते, कारण बाटलीतला बहुतांश भाग पाणीच असतो. गालावर लावल्यावर ती आणखी 1000 पट पाणी शोधायला निघत नाही.

मग ताण कशाचा? आपल्या त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या मृत थराची जाडी चेहऱ्यावर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि त्या थरातले पाणी 10 टक्क्यांच्या खाली गेले की तो लवचिकपणा गमावतो आणि तडकू लागतो. लांब साखळ्या या थरातून आत जात नाहीत. त्या पृष्ठभागावर पसरतात. पाणी आहे तोवर तो पातळ ओला पापुद्रा असतो, म्हणून तुकतुकी दिसते. एसीच्या हवेत त्यातले पाणी उडाले की पापुद्रा सुकून आकसतो, आणि खालचा थर आधीच कोरडा असल्याने ते आकसणे तुम्हाला चांगलेच जाणवते. त्वचेच्या खोल थरांतून हा पदार्थ पाणी उपसून काढतो, ही भीती मला अवास्तव वाटते. पृष्ठभागावरच्या पाण्यावर झाकण नसणे हे खरे कारण आहे.

म्हणून पहिला बदल असा करावा की चेहरा टॉवेलने खडखडीत पुसू नये. पाणी निथळू द्यावे, त्वचा ओलसर असतानाच सीरम लावावे आणि ते सुकायच्या आत त्यावर क्रीम लावावे. त्या क्रीममध्ये पाणी अडवणारा स्निग्ध पदार्थ हवा, मग ते पेट्रोलियम जेली असो, शिया बटर असो किंवा डायमेथिकोन नावाचे सिलिकॉन. पाणी धरणारा घटक आणि पाणी उडू न देणारा घटक यांची कामे वेगळी आहेत. सीरममध्ये पहिला असतो, दुसरा जवळजवळ नसतोच.

गवतीचहा

वरील स्पष्टीकरणाबद्दल आभार. माझे दोन प्रश्न आहेत. आमच्याकडे थंडी पडली की ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एकत्र करून एका बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत आहे आणि ते मिश्रण लावून घरातल्या सर्वांचे हिवाळे व्यवस्थित पार पडले आहेत. मग या महागड्या साखळीत ग्लिसरीनपेक्षा जास्त असे काय आहे? दुसरे असे की हा पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात असे मी वाचले. आम्ही शाकाहारी आहोत, म्हणून खात्री करून घ्यायची आहे. आणि जाता जाता, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यात डॉक्टरांनी जेलचे इंजेक्शन दिले होते, त्याच्या खोक्यावरही हेच नाव होते. तो हाच पदार्थ का?

काचपात्र

तुऱ्याची गोष्ट खरी आहे, पण आता ती बरीचशी मागे पडली आहे. कोंबड्याच्या तुऱ्यात हा पदार्थ विपुल असतो आणि अनेक वर्षे तो तेथूनच शुद्ध करून काढला जात असे. आज सौंदर्यप्रसाधनांत जो येतो तो जवळजवळ सगळा जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतो. मोठमोठ्या टाक्यांमध्ये विशिष्ट जिवाणू वाढवतात, ते ही साखळी विणतात, आणि ती गाळून, शुद्ध करून, वाळवून पांढरी पूड करतात. चीनमधील शानदोंग प्रांत हे या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. तरीही खात्री हवी असेल तर वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण पाहावी किंवा कंपनीला सरळ विचारावे.

ग्लिसरीनविषयी आपण बोलतो त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले याने 1779 मध्ये ते प्रथम वेगळे केले, आणि साबण करताना ते आपोआप बाजूला निघत असल्याने ते नेहमीच स्वस्त राहिले. स्वस्त असल्यामुळेच त्याची जाहिरात होत नाही. रेणूचे वजन मोजायचे एकक डाल्टन आहे. त्या मापाने ग्लिसरीनचा रेणू 92 चा, तर लांब हायलुरोनिक साखळी 10 ते 15 लाखांची. त्वचेच्या मृत थरातून सहज आत जायचे तर रेणू साधारण 500 डाल्टनपेक्षा लहान असावा, असा एक ढोबळ नियम 2000 पासून सर्वत्र वापरला जातो. ग्लिसरीन त्यात आरामात बसते. त्वचेच्या जिवंत पेशींच्या आवरणात पाणी आणि ग्लिसरीन या दोहोंना वाट देणारी एक प्रथिनाची खिडकी असते, तिला ॲक्वापोरिन-3 म्हणतात. ही खिडकी नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी राहते आणि त्यांना ग्लिसरीन दिल्यावर ती सुधारते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणजे ग्लिसरीन हा केवळ वरून लावायचा चिकट पदार्थ नाही, तर त्वचा स्वतः ते वापरते.

मग हायलुरोनिक ॲसिड कशाला, तर प्रामुख्याने स्पर्शासाठी. ग्लिसरीनचे प्रमाण वाढवले की हात चिकट होतात आणि आपल्याकडच्या दमट किनारपट्टीवर तर ते असह्य होते. हायलुरोनिक ॲसिड अगदी थोडे घातले तरी द्रवाला रेशमी घनता येते, ते त्वचेवर सुरेख पसरते आणि लगेच गुळगुळीतपणा जाणवतो. लहान केलेल्या साखळ्यांचा मुद्दा थोडा वेगळा आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 हजार ते 3 लाख डाल्टनचे तुकडे मृत थरात शिरलेले दिसले, तर 10 ते 14 लाखांचे वरच राहिले. त्यामुळे आजकाल बाटल्यांवर ‘अनेक आकारांचे रेणू’ असे लिहिलेले असते, आणि त्यात निखालस थापेबाजी नाही. पण मृत थरात शिरणे वेगळे आणि खालच्या जिवंत त्वचेतील कमी झालेला साठा भरून काढणे वेगळे. सीरमने ते दुसरे काम होत नाही.

घरच्या मिश्रणाबाबत एकच सूचना. निखळ ग्लिसरीन थेट चेहऱ्याला लावू नये, कारण ते स्वतः पाण्यासाठी इतके हपापलेले असते की जळजळ होते. बाजारातल्या क्रीममध्ये ते बहुधा 3 ते 10 टक्के असते, तेवढेच घरीही पुरे. आणि निखळ ग्लिसरीन टिकत असले तरी त्यात गुलाबपाणी घातले की जंतूंना वाढायला जागा मिळते. त्यामुळे पूर्ण हिवाळ्याची बाटली एकदम भरून न ठेवता थोडे थोडे करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि चार-सहा दिवसांत संपवावे.

निरामय

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. गुडघ्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, पदार्थ तोच आहे. सांध्यातल्या वंगणात तो नैसर्गिकरीत्या असतो, म्हणून संधिवातात त्याचे इंजेक्शन काही रुग्णांना दिले जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातली नाजूक जागा सांभाळण्यासाठीही त्याचे जेल वापरतात. 1980 च्या सुमारास वैद्यकशास्त्रात त्याचा मोठा प्रवेश झाला तो याच वाटेने. ओठ आणि गाल भरण्यासाठी जे फिलर टोचतात त्यातही तोच असतो, परंतु तेथे साखळ्या रासायनिक टाक्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे ते जेल अनेक महिने टिकते. फिलरची छायाचित्रे दाखवून सीरम विकणे ही शुद्ध दिशाभूल आहे. सुईने आत ठेवलेले जेल आणि थेंबाने वर लावलेला द्रव यांची तुलना होऊ शकत नाही.

वैनगंगाताई, तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला कोरडेपणापेक्षा वेगळी वाटते. गालांचा ताण एसीमध्ये येतो आणि घरी जातो, हे समजण्यासारखे आहे. नाकाच्या बाजूचे पापुद्रे मात्र बारकाईने पाहावेत. तेथे लालसरपणा असेल, पापुद्रे किंचित पिवळट आणि तेलकट असतील, आणि तसेच काही भुवयांत किंवा डोक्यात कोंड्याच्या रूपाने असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असण्याची शक्यता आहे. त्यात त्वचेवर सर्वांच्याच असणाऱ्या एका यीस्टचा सहभाग असतो. कितीही ओलावा लावला तरी तो जात नाही, त्यावर तेल चोळले तर कधी वाढतो, आणि योग्य औषधी क्रीमने आटोक्यात येतो. छायाचित्रावरून किंवा लिहिलेल्या शब्दांवरून मी निदान करणार नाही; हे पापुद्रे सुटीतही तसेच राहत असतील तर एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्यावे.

आणखी एक विचारतो. तुम्ही रेटिनॉल, ॲडापॅलिन किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेले, म्हणजे त्वचा कोरडी करू शकणारे काही लावता का? आणि फेसवॉश कोणता, म्हणजे धुतल्यावर त्वचा ‘चुरचुरीत स्वच्छ’ वाटते का? त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, पीएच 5 च्या आसपास असतो, तर नेहमीच्या अंगाच्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. दिवसातून तीनदा तो वापरून नंतर त्यावर सीरम लावणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. अशांना मी सीरम बदलायला सांगत नाही, साबण बदलायला सांगतो.

वैनगंगा

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, पापुद्रे सुटीतही असतात आणि भुवयांतही थोडे आहेत, हे तुम्ही विचारल्यावर आरशात पाहून कळले. या आठवड्यातच वेळ घेते. रेटिनॉल वगैरे काही लावत नाही. फेसवॉश फेसाळ आहे आणि धुतल्यावर त्वचा चुरचुरीत वाटते, हे खरे.

काचपात्र, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओल्या त्वचेवर सीरम आणि वर क्रीम असे करून पाहिले. कार्यालयातला ताण बराच कमी झाला. पण क्रीम चोळताना मळासारख्या बारीक वळकट्या निघतात. बाटलीवरची यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरीन, ब्यूटिलीन ग्लायकॉल, पँथेनॉल, फिनॉक्सिइथेनॉल, सोडियम हायलुरोनेट, हायड्रोलाइज्ड सोडियम हायलुरोनेट, झँथन गम, इथाइलहेक्सिलग्लिसरीन, डायसोडियम ईडीटीए, सायट्रिक ॲसिड, सुगंध. यात 2 टक्के कोठे बसतात?

काचपात्र

यादी वाचायची एक रीत आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पण 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. आता तुमच्या यादीतले फिनॉक्सिइथेनॉल पाहा. ते मिश्रण खराब होऊ नये म्हणून घातलेले परिरक्षक आहे आणि त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे. ते पाचव्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्यानंतरचे काहीही 1 टक्क्याहून जास्त असू शकत नाही. दोन्ही हायलुरोनेट त्याच्या खाली आहेत.

मग दर्शनी भागावरचे 2 टक्के आले कोठून? सोडियम हायलुरोनेट अनेकदा पूड म्हणून न घेता 1 टक्क्याचे तयार द्रावण म्हणून घेतले जाते. त्या द्रावणाचे 2 भाग 100 भागांच्या सीरममध्ये घातले की जाहिरात विभाग ‘2 टक्के’ लिहून मोकळा होतो, प्रत्यक्षात साखळी असते 0.02 टक्के. तुमच्या कंपनीने असेच केले आहे असा आरोप मी करत नाही, पण व्यवसायात ही पद्धत आहे. लांब साखळीचे खरोखर 2 टक्के द्रावण कसे असते, हे मी हातांनी पाहिलेले आहे. पूड पाण्यावर भुरभुरली की तिच्या गाठी होतात, त्या रात्रभर मुरू द्याव्या लागतात, आणि सकाळी भांड्यात जे असते ते ड्रॉपरने ओढता येत नाही. काचेची कांडी उभी केली तर हळूहळू कलते आणि बोटांत धरून ओढले तर लांब तार निघते. तुमचे सीरम थेंबांनी पडते, यातच उत्तर आहे.

तरीही फसवले गेल्यासारखे वाटून घेऊ नये. 2011 च्या एका चाचणीत वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांची क्रीम वापरली होती, त्यांत हा घटक अवघा 0.1 टक्का होता आणि त्या सर्वांनी त्वचेतला ओलावा वाढलेला दिसला. अधिक टक्के म्हणजे अधिक गुण, असे या घटकाबाबत नाही; प्रमाण वाढले की वळकट्याच वाढतात. तुमच्या बाटलीत खरे काम दुसऱ्या क्रमांकावरचे ग्लिसरीन करत आहे, आणि त्या दृष्टीने आईंचे म्हणणे बाटलीनेच मान्य केले आहे.

वळकट्या हायलुरोनेट आणि झँथन गम यांच्या सुकत आलेल्या पापुद्र्याच्या असतात. चार थेंबांऐवजी दोन घ्यावेत, आणि क्रीम चोळू नये. तळहातावर पसरून दाबून लावावे. सीरम पूर्ण सुकल्यावर क्रीम चोळले तर हमखास निघतात. यादीच्या शेवटचा सुगंध मात्र मला खटकतो. कोरड्या आणि डिवचलेल्या त्वचेला त्याची गरज नाही आणि त्रास होण्याची शक्यता आहे.

वैनगंगा

शेवटचा प्रश्न. ही बाटली संपल्यावर सीरम पुन्हा घ्यावे, की नुसते ग्लिसरीन असलेले क्रीम पुरेल?

निरामय

डॉक्टरकडे जाईपर्यंत नाकाच्या बाजूंना आणि भुवयांना सुगंधी काहीही लावू नये, आणि फेसवॉश आजच बदलून फेस न करणारे, सुगंध नसलेले घ्यावे. सकाळी तर नुसत्या पाण्याने धुतले तरी चालेल. पुढच्या खरेदीत ग्लिसरीन पहिल्या तीन-चार घटकांत असलेले, सुगंधविरहित क्रीम घ्यावे आणि ते पुरते का ते पाहावे. बहुतेकांना पुरते. उन्हाळ्यात क्रीम जड वाटले तर खाली सीरमचा पातळ थर ठेवण्यास हरकत नाही, आणि नागपूरच्या उन्हात बाहेर पडायचे असेल तर या सगळ्यावर शेवटी सनस्क्रीन लावावे.